फौजदार, जावई आणि चाळणी

उमरग्यात मला खोली मिळाली ती हेडफोनमुळं. असं सांगितलं की लोक हसतात, पण खरं आहे ते.

मी तामलवाडीची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. बी.एस्सी. झालेय, आणि ते कुणी विचारलं नाही तरी सांगते. त्या डिग्रीवर उमरग्यात रक्त-लघवी तपासायच्या एका लॅबमध्ये नोकरी लागली. नोकरी लवकर मिळाली, खोली मिळेना. एकट्या पोरीला खोली द्यायची म्हटलं की लोकांच्या चौकशाच फार. लग्न कधी करणार, मटण शिजवणार का, भाऊ किती. शेवटी हायवेला लागून असलेल्या एका बोळाच्या तोंडाशी एक घर सापडलं. पुढं ओटा, मागं रिकामी खोली. ओट्यावर लाकडी खुर्चीत धोतर-टोपीतला एक उंच म्हातारा बसलेला. त्यानं नाव विचारलं नाही, जात विचारली नाही. म्हणाला, "बस. हे घाल."

आणि माझ्या हातात एक भला मोठा हेडफोन दिला. तो ऐकून झाल्यावर दुसरा दिला. गाणं तेच. मग विचारलं, "काय फरक हाय?"

मी दमलेली होते, उन्हातनं फिरून वैतागलेली होते. म्हणाले, "पहिल्यात बाई काय गाते ते स्पष्ट कळतंय, पण डोकं आवळतंय. दुसरा मऊ आहे, पण बाईनं तोंडावर पदर घेतल्यासारखं वाटतंय. आणि दोन्हीतनं तुमच्या हायवेवरचे ट्रक ऐकू येतात. मग एवढं मोठं कानावर घालून उपयोग काय?"

म्हातारा आत बघून ओरडला, "अगं, मागची किल्ली आण!"

किल्ली देताना म्हणाला, "तुझ्या आधी एक मास्तर आला हुता. दोन्ही लई छान म्हणला. मी म्हणलं, मास्तर, दुसरीकडं बघा. ज्याला फरक सांगायचं भ्या वाटतंय, तो नळ गळाया लागला तरी सांगणार न्हाय. घर कुजतंय अशा माणसानं."

असे आमचे अण्णा.

अण्णांचं हायवेवर ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान होतं. आता धाकटा मुलगा ते चालवत होता. जन्मभर हातोडे आणि हॉर्न यांच्यात काढलेल्या माणसाला म्हातारपणी असला नाजूक नाद कसा लागला, हे मला आधी कोडंच वाटलं. पण दुकानात असताना लांबनं येणाऱ्या ट्रकच्या आवाजावरनं त्याचं काय बिघडलंय ते अण्णा सांगायचे, असं गल्लीत सगळेच म्हणत. ड्रायव्हर खाली उतरायच्या आधी अण्णांनी सामान काउंटरवर काढून ठेवलेलं असायचं. कानावर त्यांचा पहिल्यापासून भरवसा. दुकान सुटलं आणि कानाला काम उरलं नाही. मग हैदराबादला कॉम्प्युटरमध्ये असलेल्या थोरल्यानं पहिला हेडफोन पाठवला, सोबत मोबाईल आणि हेडफोनच्या मध्ये लावायची काड्यापेटीएवढी एक डबी. अण्णांनी तो कानाला लावला, आणि म्हणे संध्याकाळपर्यंत काढलाच नाही.

हे सगळे हेडफोन उघड्या पाठीचे. म्हणजे कानावर बसणाऱ्या वाटीला बाहेरून जाळी असते. आतलं गाणं बाहेर येतं आणि बाहेरचा गोंगाट आत जातो. हायवेपासून पन्नास पावलांवर बसून असले हेडफोन वापरणारा माणूस साऱ्या तालुक्यात दुसरा नसेल. दुकानावरचे हमाल सुद्धा चेष्टा करायचे, "अण्णा, त्यापरीस स्पीकर लावा की, आम्हाला बी ऐकू येईल!"

अण्णांचं उत्तर ठरलेलं. "बंदवाले मी घालून बघितलेत. हंड्यात डोकं घालून गाणं ऐकल्यागत होतंय. गाणारा बी हंड्यात, मी बी हंड्यात. ह्याच्यात कसं, गाणारा ओट्यावर येऊन बसतो."

खरं कारण आत स्वयंपाकघरात होतं. ते अण्णांच्या खुर्चीच्या उजव्या हाताला. तिथून अक्का हाक मारायच्या. कानडी घरांतल्या जुन्या बायका नवऱ्याला मारतात तेवढीच हाक, "री!" नाव नाही, 'अहो' नाही, नुसतं "री". एक "री" चहाचा असायचा, एक दळणाचा, एक नुसताच. अक्का दुसऱ्यांदा कधी हाक मारत नसत, आणि पहिल्या हाकेला अण्णांची "ओ" आली नाही असं होत नसे. गाण्याच्या मध्यात, डोळे मिटलेले, ट्रक जातोय, तरी "ओ". मी एकदा म्हटलं, "अण्णा, एवढ्यात कसं ऐकू येतं हो?" तर म्हणाले, "जाळी कशाला हाय मग?"

आतून अक्का म्हणाल्या, "बंदवाले घेतले असते तर सुटले असते की माझ्या कटकटीतनं."

"म्हणून तर घेतले न्हायत," अण्णा म्हणाले. हे त्यांनी प्रेमानं म्हटलं की टोमणा मारला, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. अक्कांनाही आलं नसावं, कारण आत बराच वेळ भांडं वाजलं नाही.

माझ्या काळात ओट्यावर तीन हेडफोन होते. खोक्यावरची इंग्रजी नावं अण्णांनी कधी उच्चारली नाहीत, त्यांनी आपली नावं दिली. पहिला फौजदार. डोकं आवळून धरायचा, पण आवाज असा चोख की तबलजीनं डग्ग्यावरचा हात कुठं घासला तेही कळायचं. कुणाची चूक लपू द्यायचा नाही. दुसरा जावई. मखमली गाद्यांचा, मऊ, डोक्यावर ठेवलाय हे विसरून जावं असा. आवाज गोड, पण आळशी. द्रुत लय आली की मागं रेंगाळायचा. तिसरी चाळणी. वजनाला कागदासारखी, जाळीच जाळी, खर्ज त्यातनं गळून जायचा, पण तंबोऱ्याची तार तिच्याइतकी कुणी झणझणून दाखवत नसे.

आणि अण्णा टोपी काढत नसत. हेडफोनचा पट्टा टोपीवरनं. त्यामुळं पट्टा उंच जायचा आणि वाट्या कानाच्या वर बसायच्या. मग अण्णा दोन्ही हातांनी वाट्या खाली ओढत, टोपी घसरे, टोपी सारखी करत, वाट्या वर जात. मी म्हटलं, "टोपी काढा की." तर म्हणाले, "बुजुर्ग गायला बसलेत. त्यांच्यापुढं बोडक्यानं बसू व्हय?"

ही त्यांची चेष्टा नव्हती. अण्णांच्या हिशेबी गाणारे खरोखर समोर बसलेले असत. गाणारी मधोमध, तबला उजव्या अंगाला, पेटी डाव्या अंगाला. हेडफोन डोक्यावर गेला की अण्णा क्षणभर मान जराशी लववत. मग ऐकायला सुरुवात.

या दरबारातला दुसरा मानकरी म्हणजे चाचा. आठवडी बाजारात अत्तर विकायचे, बाकी दिवस दुपार कलली की अण्णांच्या ओट्यावर. दोघं पोरपणापासूनचे मित्र. बोलण्यात अर्धी मराठी, अर्धी आपली इकडची दख्खनी. चाचांना जावई आवडे, अण्णांना फौजदार, आणि त्यावर दोघांचं रोज वाजे.

"तेरा फौजदार काय गाणं ऐकवतो का जबानी घेतो?" चाचा म्हणायचे. "गाणारीला घाम फुटला असंल."

"आणि तुझा जावई? खाऊन सुस्त पडलाय. ठेका निघून गेला तरी हा पानच लावतोय."

"अरे, कान सुखात पाहिजे पहिला. कान दुखला तर गाणं कुठून गोड लागंल?"

"गाणं खरं पाहिजे पहिलं!"

मला मध्ये ओढायचे. मी दर वेळी जे वाटेल ते सांगायची. कधी फौजदार, कधी जावई. माझ्या जाड वेणीमुळं चाळणीचा पट्टा मला कधी बसला नाही, म्हणून चाळणीच्या बाजूनं मी कधी बोलले नाही. भांडण संपलं की चाचा अत्तराच्या डबीतनं हिन्यात भिजवलेला कापसाचा बोळा काढायचे आणि अण्णांना द्यायचे. अत्तराचा फाया कानाच्या वरच्या घडीत खोचायचा ही आपल्याकडची जुनी रीत. अण्णांचा फाया नेहमी उजव्या कानात.

त्या फायावरनं एकदा घरात मोठं रामायण झालं. जावयाच्या मखमलीला हिन्याचा तेलकट डाग पडला. अक्का तशा हेडफोनच्या भानगडीत पडत नसत, पण मखमल म्हटल्यावर त्यांचा जीव कळवळला. "पैठणीवर डाग पाडला असता तुम्ही!" म्हणून त्यांनी अण्णांना चांगलं झाडलं. तेव्हापासून अण्णांनी फाया घडीत न ठेवता जरा आतल्या बाजूला सारायला सुरुवात केली, गादीला लागू नये म्हणून. आम्ही सगळ्यांनी ते बघितलं. लक्षात कुणी ठेवलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात अण्णांनी फौजदाराला नावं ठेवायला सुरुवात केली. "उजवी बाजू बसली ह्याची. तबला लांब जाऊन बसलाय." तार बदलली. डबी बदलली. मग जावयाची उजवी बाजू बसली. मग चाळणीची. हैदराबादच्या मुलानं फोनवर सांगितलं, "अण्णा, तिन्ही एकदम कसे बिघडतील?" अण्णा म्हणाले, "हायवेची धूळ हाय. तुला काय कळतंय तिकडं एशीत बसून." मुलानं चौथा पाठवायची तयारी दाखवली, तर नको म्हणाले. हे मात्र नवीन होतं. नवा हेडफोन नको म्हणणारे अण्णा मी पहिल्यांदा बघत होते.

आणखी एक नवीन झालं. अक्कांच्या "री"ला "ओ" येईना. अक्का ओल्या हातानं उंबऱ्यापर्यंत यायच्या, बघायच्या, उलथनं चौकटीवर आपटायच्या. अण्णा दचकायचे. अक्का तशाच आत जायच्या. चार-सहा वेळा असं झाल्यावर त्यांनी हाक मारणंच सोडलं. चहा स्वतः आणून खुर्चीच्या हातावर ठेवू लागल्या. मला एकदा म्हणाल्या, "पोरी, माणसाला कंटाळा येत असंल व्हय गं, इतक्या वर्षांनी?"



एका रविवारी मी अण्णांच्या उजव्या बाजूला पायरीवर शेंगा सोलत बसले होते. अण्णांच्या डोक्यावर फौजदार. अण्णा म्हणाले, "बघ, आज तर पार मेली उजवी बाजू. कायच वाजंना."

आणि माझ्या कानाशी जाळीतनं तबला खणखणीत वाजत होता. उघड्या पाठीचा हेडफोन तो, गुपित कसं ठेवणार? मला शेजारी बसून डग्ग्यावर घासलेला हात ऐकू येत होता, आणि घालणाऱ्याला त्या बाजूचं कायच ऐकू येत नव्हतं.

मी चाचांकडं बघितलं. ते माझ्या पलीकडं, त्याच बाजूला बसलेले. त्यांनी माझ्याकडं बघून हळूच मान हलवली, नको म्हणून. मग मोठ्यानं म्हणाले, "हौ अण्णा, कमीच वाजतंय उजवीकडं. खराब माल."

चाचांचं हे वाक्य ऐकलं आणि माझ्या लक्षात आलं की कित्येक दिवसांत या दोघांचं भांडणच झालेलं नाही. अण्णा म्हणतील त्याला चाचा हो म्हणत होते.

अण्णांचे वडील बहिरे झालेले. ते मला त्याच संध्याकाळी चाचांनी बोळात गाठून सांगितलं. म्हातारपणी ते दुकानात गल्ल्यावर बसायचे. गिऱ्हाईक नट मागायचं, ते फिल्टर द्यायचे. पोरं मुद्दाम तोंड हलवायची, आवाज न काढता. म्हातारा "व्हय व्हय" म्हणायचा आणि सगळे हसायचे. अण्णा तेव्हा तरणे होते, त्यांनी ते रोज बघितलं. "उसको वही डर है, बेटी," चाचा म्हणाले. "हेडफोन खराब आहे म्हणू दे त्याला. तेरा क्या जाता है?"

माझं काय जात होतं? माझी खोली जात होती, खरं तर. मला जे ऐकू येतं ते मी सांगते, म्हणून तर ती खोली मिळाली होती.

दुसऱ्या दिवशी लॅबमधनं आले ती सरळ ओट्यावर. "अण्णा, हेडफोन उलटा घाला. डावी वाटी उजव्या कानावर."

"उलटा कशाला?"

"बिघाड हेडफोनात असेल तर आता डावी बाजू बसलेली वाटेल. कॉलेजात असंच शिकवलंय आम्हाला, दोन गोष्टींतली एक बदलायची आणि बघायचं."

अण्णा भडकले. "उलटा घातला तर तबला डावीकडं जाईल, पेटी उजवीकडं. बसलेल्या माणसांला मैफलीतनं उठवू व्हय? काय शिकलीस कॉलेजात?"

म्हणजे इतके दिवस ही साधी गोष्ट त्यांनी करून बघितली नव्हती ती यासाठी. आलेल्या माणसांची जागा मोडायची नाही.

मी म्हणाले, "अण्णा, मी उजवीकडं बसते. मला तबला ऐकू येतो. काल पण आला. हेडफोन चांगला आहे."

चाचांनी डोळे मिटून घेतले. आत स्वयंपाकघरात काहीतरी वाजत होतं तेही थांबलं.

 अण्णांनी फौजदार काढला, तार गुंडाळली, खोक्यात ठेवला. मग जावई. मग चाळणी. खोकी आत फळीवर गेली. त्यानंतर दोन-तीन संध्याकाळी ओटा रिकामा होता. मी येता-जाता बघायची. मला खोली सोडायला सांगतील असं वाटलं. त्याहून वाईट म्हणजे त्यांनी चांगल्या शब्दांत सांगितलं असतं.

मग एका सकाळी मी लॅबला निघाले तर अण्णा खुर्चीत. मांडीवर फौजदार. जाळीवर हात ठेवून, समोर बसलेल्या न दिसणाऱ्या माणसांना म्हणाले, "माफी असावी. घडीभर जागा बदला." आणि उलटा घातला.

मी उभीच राहिले. गाणं सुरू झालं. अण्णांनी डोळे मिटले नाहीत, हायवेकडं बघत राहिले. मग हेडफोन काढला.

"पेटी बी ऐकू येईना उजवीकडं," म्हणाले. "खरं बोललीस तू." आणि फौजदार मांडीवर ठेवत, "आमच्या बापाचं बी उजव्या कानापासनंच सुरू झालं हुतं."

मी म्हणाले, "चला दवाखान्यात. आमच्या लॅबच्या वरच कानाचे डॉक्टर बसतात."

"काय करणार डॉक्टर? मशीन देणार. त्याच्यावर टोपी, टोपीवर फौजदार. बसंल का सगळं एका कानावर?"

पण आले. चाचा पण आले, रिक्षात मध्ये बसून. अक्का आल्या नाहीत. त्यांनी अण्णांची इस्त्रीची टोपी तेवढी काढून दिली.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी कानात बॅटरी धरली, बघितलं, पुन्हा बघितलं. म्हणाले, "आजोबा, हे काय भरलंय?" मग चिमटा घेतला. अण्णांनी माझा हात इतका घट्ट धरला की फौजदार बरा. डॉक्टरांनी हळूच ओढलं, आणि एक काळपट, दबून दगड झालेला कापसाचा बोळा बाहेर आला. त्याच्या मागं मळाचा खडा.

सगळ्या खोलीत हिना दरवळला.

डॉक्टरांनी बोळा ट्रेमध्ये ठेवून वास घेतला आणि हसायलाच लागले. अण्णा आधी त्या बोळ्याकडं बघत राहिले, मग चाचांकडं. चाचा खाली बघत होते. जावयाची मखमल वाचवायला आत सारलेला फाया. रोज गादी दाबून दाबून तो आत गेला. कधीतरी अण्णांना वाटलं पडला, म्हणून त्यांनी नवा घातला असेल.

"तुझा माल हाय," अण्णा म्हणाले.

"माल एक नंबर आहे," चाचा म्हणाले. "इतने दिन हुए, वास बघ अजून."

डॉक्टरांनी कान धुतला, दुसराही बघितला, पडदा ठीक आहे, वयाच्या मानानं चांगला आहे म्हणाले. अण्णा जिना उतरले. खाली हायवेवर उभा असलेला एक ट्रक सुरू झाला आणि अण्णा थबकले. मान तिरपी केली. "सायलेन्सरचं पॅकिंग गेलंय त्याचं," म्हणाले. इतका समाधानी चेहरा मी लॅबचा चांगला रिपोर्ट हातात घेतलेल्या माणसाचाही बघितलेला नाही.

घरी आलो. तिन्ही खोकी ओट्यावर आली. अण्णांनी पहिला फौजदार घातला, सरळ, टोपीवरनं. मान लववली. जरा वेळ ऐकलं. मग वाट्या बाजूला करून चाचांना म्हणाले, "तू म्हणलास, उजवीकडं कमी वाजतंय."

"तुला बरं वाटावं म्हणून म्हणालो."

"आजपासनं तू डावीकडं बसायचं. उजवी जागा हिची."

"बसतो," चाचा म्हणाले. "आणि आता विचारलंसच तर सांगतो. फौजदार बेकार आहे. तेव्हा पण बेकार होता. जावई त्याच्या दसपट चांगला."

"तुला ठेका कळतो का रं?"

"तुला सुख कळतं का?"

झालं, सुरू. मी उजवीकडच्या पायरीवर शेंगांची टोपली घेऊन बसले. अण्णा तावातावानं बोलत होते, हेडफोन डोक्यावर, गाणं चालू, हायवेवर टँकरची रांग. आत अक्का चहा गाळत होत्या. आम्ही काय निदान घेऊन आलो ते त्यांना अजून कुणी सांगितलंच नव्हतं, भांडणात राहून गेलं. मला आतलं दिसत होतं. त्यांनी कप उचलले, ठेवले, आणि सवयीनं, कुणाला ऐकू जावं अशी काही अपेक्षा नसल्यासारखं, अगदी बारीक आवाजात तोंडातनं निघालं, "री."

"ओ," अण्णा म्हणाले.

 मग अक्का उंबऱ्यात आल्या, हातात गाळणी तशीच. "ऐकू आलं तुम्हाला?"

"आलं की."

"हळू म्हणलं होतं मी."

"हळूच ऐकू आलं."

अक्का जराशा उभ्या राहिल्या. पदर सारखा केला. आणि मग महिनोन् महिने साठवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. दळण कधीचं पडलंय, मागच्या खोलीचा नळ गळतोय आणि ही पोरगी केव्हाची सांगतेय, हैदराबादला फोन करायचाय, गॅसवाला येऊन परत गेला, आणि डोक्यावरनं ते काढा आधी, चहा निवतोय.

अण्णांनी काढला नाही. दोन्ही हातांनी वाट्या खाली ओढल्या, टोपी घसरली, टोपी सारखी केली. माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "बंदवालेच घ्यायला पाहिजे हुते."

आणि डोळे मिटून, दोन्हीकडचं ऐकत बसले.